जलसंजीवनीचे गणित

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खूंना आपला काही उपयोग नाही, म्हणून आपल्याकडे कोणी येत नाही, असे त्याने तथागतांना सांगितले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः त्या भिक्खूच्या अंगावर पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग स्वच्छ केले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर निजवले. त्यानंतर भिक्खूसंघाला एकत्र बोलावून त्यांनी रुग्णसेवेचा नियम घालून दिला. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याच प्रकरणात पुढे, रुग्णाची सेवा करण्यास योग्य कोण, याचे विवेचन आहे. त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. तेथे सांगितलेल्या गुणांमध्ये मैत्रचित्त आहे, मलमूत्राची किळस न बाळगणे आहे. परंतु त्या यादीत औषध सिद्ध करता येणे आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे कळणे, हेही गुण आहेत. म्हणजे करुणेला ज्ञानाची जोड असल्याशिवाय सेवा पुरी होत नाही.

आपल्या वसतिगृहात आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एक औषध असते, जे सिद्ध करण्याचे काम डॉक्टर करीत नाही, घरातील माणूसच करतो. ते म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. पाकीट फोडायचे आणि पाण्यात विरघळवायचे, एवढीच ती कृती. परंतु त्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजच का, दोन पूर्णांक सहा दशांश ग्रॅम मीठच का, आणि पाणी एक लिटरच का, याचे उत्तर नववी-दहावीच्या रसायनशास्त्रातील एका साध्या गुणाकारात आहे. हा गुणाकार मुले परीक्षेसाठी पाठ करतात आणि विसरून जातात. तो विसरू नये, यासाठी हा लेख. लिहिणारा इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे आरंभ इतिहासापासून करतो.

बनगाव, १९७१

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. जेसोरकडून कोलकात्याकडे येणाऱ्या रस्त्यावर बनगाव हे सीमेलगतचे गाव आहे. या प्रदेशाशी आपले नाते आहे. फाळणीपूर्वी बनगाव जेसोर जिल्ह्यातच मोडत असे. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे बाबासाहेब ज्या बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, त्या बंगालच्या नामशूद्र समाजाची मोठी वस्ती याच टापूत होती. १९७१ च्या निर्वासितांमध्ये नामशूद्र शेतकरी आणि मजूर कुटुंबे मोठ्या संख्येने होती.

त्या छावण्यांमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा पसरला. पटकीचा रोगी जुलाब-उलट्यांतून काही तासांत अनेक लिटर पाणी आणि त्याबरोबर क्षार गमावतो. त्या काळी यावर मान्य असलेला उपाय एकच होता : शिरेतून सलाईन देणे. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, सुया आणि प्रशिक्षित माणसे लागत, आणि छावणीत तिन्हींचा तुटवडा होता. जून महिन्यात कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातील डॉ. दिलीप महालनोबिस तेथे पोहोचले, तेव्हा बनगावच्या रुग्णालयातील खोल्यांत रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता.

तोंडाने दिलेले साखर-मिठाचे पाणी पटकीत उपयोगी पडते, हे त्याआधी काही वर्षे रुग्णालयांतील प्रयोगांत दिसून आले होते. परंतु मोकळ्या छावणीत, वैद्यकीय देखरेखीशिवाय, हजारो रोग्यांना ते देण्याचे धाडस कोणी केले नव्हते. डॉ. महालनोबिस यांनी ते केले. कोलकात्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा काळजीपूर्वक तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरण्यात आले. छावणीत ते पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत विरघळवण्यात आले. पिंपाजवळ रोग्याची आई, भाऊ, मुलगी असे नातेवाईक भांडी घेऊन येत आणि आपापल्या माणसाला पाजत. मृत्यूचे प्रमाण, जे आधी तीस टक्क्यांपर्यंत गेले होते, ते त्यांच्या देखरेखीखालील केंद्रात ३.६ टक्क्यांवर आले. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महालनोबिस यांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

त्या पिशव्यांतील प्रमाण असे होते : एक लिटर पाण्याला बाजारात मिळणारे ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. हे आकडे कोठून आले? ते समजण्यासाठी आतड्याच्या भिंतीपाशी काय घडते, ते पाहावे लागेल.

वजन एक, संख्या दुसरी

पटकीच्या विषामुळे आतड्यातून पाणी आणि क्षार सारखे बाहेर झिरपत राहतात. अशा वेळी नुसते पाणी किंवा नुसते मीठ-पाणी पाजले, तर ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु आतड्याच्या आवरणात एक दार असे आहे, जे या आजारातही उघडे राहते. त्या दारातून ग्लुकोज आत जाते आणि जाताना सोडियमला बरोबर घेऊन जाते. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले, की त्यांच्यामागून पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिषदेत या जोड-वाहतुकीची कल्पना मांडली. बनगावचा चमत्कार या दाराचा होता.

आता मुख्य मुद्दा. या दारातून जे जाते, ते कणाकणाने जाते. ग्लुकोजचा रेणू आणि सोडियमचा आयन हे तेथे संख्येने मोजले जातात. त्यांचे वजन किती आहे, हे दार विचारत नाही. म्हणून औषध तयार करणाऱ्यालाही संख्येचाच विचार करावा लागतो. परंतु आपल्या हाती असतो तराजू, आणि तराजू केवळ वजन सांगतो. संख्या मनात धरायची आणि वजन हाती घ्यायचे, ही अडचण सोडवण्याचे साधन म्हणजे 'मोल' ही संकल्पना.

बाजारात लिंबे शेकड्याने मिळतात आणि नारळही शेकड्याने मिळतात. शेकडा लिंबांचे वजन आणि शेकडा नारळांचे वजन यांत मोठी तफावत असते, पण संख्या दोन्हीकडे शंभरच. एका लिंबाचे आणि एका नारळाचे सरासरी वजन माहीत असेल, तर एकेक नग न मोजताही, केवळ काट्यावर तोलून, शेकडा पुरा झाला की नाही हे सांगता येईल. मोल हा रसायनशास्त्राचा शेकडा आहे. रेणू अतिशय सूक्ष्म असल्यामुळे तो शेकडा फार मोठा घ्यावा लागतो. एक मोल म्हणजे ६०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये मांडल्यावर जी संख्या होईल, जवळजवळ तितके कण. हीच अव्होगॅड्रो संख्या. २०१९ सालापासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मोलची व्याख्या अशा निश्चित संख्येनेच केली जाते.

एका मोलचे वजन किती, हे काढणे सोपे आहे. अणूंची सापेक्ष वस्तुमाने पाठ्यपुस्तकात दिलेली असतात : हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्यांची बेरीज ७२ + १२ + ९६ = १८०. म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल. मिठात सोडियम आणि क्लोरीन समसमान. २३ + ३५.५ = ५८.५. म्हणून ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. यावरून एक गोष्ट लक्षात येईल. दहा ग्रॅम मीठ आणि दहा ग्रॅम ग्लुकोज काट्यावर सारखे दिसले, तरी संख्येच्या हिशेबात मीठ ग्लुकोजच्या तिपटीहून अधिक आहे.

एक सूत्र, तीन प्रश्न

एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे जितके मोल असतात, तितकी त्या द्रावणाची मोलारता. शरीरातील द्रावणे पातळ असल्यामुळे तेथे मोलचा हजारावा भाग, म्हणजे मिलिमोल, हे माप सोयीचे पडते. ठरावीक मोलारतेचे द्रावण करायचे असेल, तर किती पदार्थ तोलायचा, हे काढण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. एका लिटरमध्ये किती मोल हवेत? एकूण किती लिटर हवे? एका मोलचे वजन किती ग्रॅम? या तीन उत्तरांचा गुणाकार म्हणजे तोलायचे ग्रॅम.

पदार्थाचे वस्तुमान (ग्रॅम) = मोलारता × आकारमान (लिटर) × एका मोलचे वस्तुमान (ग्रॅम)

हे सूत्र आज वापरात असलेल्या जलसंजीवनीवर लावून पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून शिफारस केलेल्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराईड ६५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १० मिलिमोल असते. ग्लुकोज आणि सोडियम यांचे आकडे सारखे आहेत. ग्लुकोजची संख्या सोडियमहून कमी असू नये, हा त्यामागील दंडक आहे.

ग्लुकोज : ०.०७५ × १ × १८० = १३.५ ग्रॅम. पाकिटावर हाच आकडा छापलेला असतो.

पोटॅशियम क्लोराईड : एका मोलचे वजन ३९ + ३५.५ = ७४.५. म्हणून ०.०२० × १ × ७४.५ = १.४९, म्हणजे सुमारे १.५ ग्रॅम.

ट्रायसोडियम सायट्रेट : पाकिटात वापरला जाणारा प्रकार स्फटिकजलासह असतो आणि त्याच्या एका मोलचे वजन २९४ ग्रॅम. म्हणून ०.०१० × १ × २९४ = २.९४, म्हणजे सुमारे २.९ ग्रॅम.

मीठ : येथे थोडा विचार लागतो. सोडियम एकूण ७५ मिलिमोल हवे. परंतु सायट्रेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे तीन आयन आलेले आहेत; म्हणजे १० मिलिमोल सायट्रेटने ३० मिलिमोल सोडियम आधीच दिले. उरले ४५. तेवढे मिठातून घ्यायचे : ०.०४५ × १ × ५८.५ = २.६३, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. आता ताळा करून पाहावा. मिठातून क्लोराईड ४५ आणि पोटॅशियम क्लोराईडमधून २०, एकूण ६५. हिशेब जुळला.

चारही पदार्थांचे वजन मिळून २०.५ ग्रॅम होते. त्यातील कोणताही आकडा मनाने ठरवलेला नाही. दहावीतील मुलगी वही-पेन्सिल घेऊन तो पडताळू शकते. 'ये आणि पाहा' हा धम्माचा बाणा आहे; औषधाच्या पाकिटालाही तो लागू पडतो.

स्फटिकात दडलेले पाणी

बनगावच्या पिशवीत ग्लुकोज २२ ग्रॅम होते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने प्रसृत केलेल्या जुन्या पाकिटात ते २० ग्रॅम होते. वरवर पाहता प्रमाण बदलले असे वाटेल. प्रत्यक्षात दोन्हीकडे ग्लुकोजच्या रेणूंची संख्या एकच होती.

बनगावला वापरलेले बाजारी ग्लुकोज स्फटिकजलासह होते. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू स्फटिकात बांधलेला असतो. पाण्याच्या एका मोलचे वजन १८ ग्रॅम; म्हणून अशा ग्लुकोजच्या एका मोलचे वजन १८० + १८ = १९८ ग्रॅम. आता २२ ला १९८ ने भागा : ०.१११ मोल. जुन्या पाकिटातील ग्लुकोज निर्जल होते; २० ला १८० ने भागा : तेच ०.१११ मोल. सोडियमही असेच पडताळता येते. ३.५ ग्रॅम मिठातून ३.५ ÷ ५८.५, म्हणजे सुमारे ६० मिलिमोल; २.५ ग्रॅम सोड्यातून २.५ ÷ ८४, म्हणजे सुमारे ३० मिलिमोल, एकूण ९०. पुढे जुन्या पाकिटातही सोडियम ९० च राहिले.

यावरून प्रयोगशाळेतील पहिला धडा मिळतो. बाटलीवरचे नाव वाचून थांबू नये; पदार्थ निर्जल आहे की स्फटिकजलासह, हे पाहावे आणि त्याप्रमाणे मोलचे वजन धरावे. स्फटिकजल असलेल्या पदार्थाचे निर्जल समजून वजन केले, तर द्रावण ठरल्यापेक्षा फिके होते, कारण तोललेल्या वजनात काही वाटा पाण्याचाच असतो.

दुसरा धडा पाण्याच्या मापाचा. मोलारतेच्या व्याख्येत एक लिटर द्रावण अभिप्रेत आहे, एक लिटर पाणी नव्हे. म्हणून प्रयोगशाळेत तोललेला पदार्थ प्रथम चंचुपात्रात थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवतात. मग ते द्रावण लांब मानेच्या चंबूत ओततात, चंचुपात्र धुवून ते पाणीही त्यात घालतात, आणि शेवटी मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरून चंबू हलवतात. रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहायची असते. घरी जलसंजीवनी करताना एक लिटर पाणी मोजून त्यात पाकीट टाकले, तर आकारमानात पडणारा फरक इतका अल्प असतो की तो सोडून देता येतो. पाकिटावरची सूचनाही एक लिटर पाण्याचीच असते.

तिसरा धडा एककांचा. सूत्रात आकारमान लिटरमध्ये आहे. कोणी २०० मिलिलिटर हा आकडा तसाच ठेवून गुणाकार केला, तर उत्तर हजारपट मोठे येते. २०० मिलिलिटर म्हणजे ०.२ लिटर. उलट, मोठ्या पिंपासाठी तोच गुणाकार वाढवायचा. बनगावच्या प्रमाणाने वीस लिटरचे पिंप भरायचे असेल, तर ग्लुकोज २२ × २० = ४४० ग्रॅम, मीठ ७० ग्रॅम आणि सोडा ५० ग्रॅम. पाणी वाढले, पदार्थ वाढला, मोलारता तीच राहिली. पहिल्या रोग्याला आणि शेवटच्या रोग्याला एकाच गुणाचे औषध मिळणे, हे या गणितामुळे शक्य होते.

मध्यम मार्ग

येथवरचा हिशेब परीक्षेपुरता वाटत असेल, तर पुढील उदाहरण पाहावे. बाजारात जलसंजीवनीची दोन प्रकारची पाकिटे मिळतात : एक लिटरसाठी मोठे आणि २०० मिलिलिटरसाठी लहान. समजा, कोणी मोठे पाकीट एका पेल्यात रिकामे केले. पदार्थ तेवढाच राहिला आणि पाणी एकपंचमांश झाले. म्हणून मोलारता पाचपट झाली. सोडियम ७५ च्या जागी ३७५ मिलिमोल. आपल्या रक्तात लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे ४७०. म्हणजे जुलाबाने सुकत चाललेल्या बालकाला आपण समुद्राच्या जवळपास जाणारे पाणी पाजले. असे द्रावण शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात आणि रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होण्याचा धोका निर्माण होतो. पाजणाऱ्या हाताची माया कितीही खरी असली, तरी हा परिणाम टळत नाही.

उलट टोकही हानिकारकच. पाकीट पुरवून वापरावे म्हणून ते दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवले, तर पोटात पाणी जाते, पण गेलेले क्षार भरून निघत नाहीत.

योग्य प्रमाण कोणते, हे शास्त्रज्ञांनाही एका दिवसात कळले नाही. जुन्या पाकिटाच्या द्रावणातील सर्व कणांची बेरीज लिटरमागे ३११ मिलिमोल होती. पटकीसाठी ते उत्तम होते. परंतु पटकीखेरीज इतर जुलाबांत, विशेषतः बालकांत, ते थोडे जड पडते, असे आढळून आले. अनेक देशांतील अभ्यासांनंतर २००२ साली ही बेरीज २४५ वर आणण्यात आली. नव्या द्रावणामुळे बालकांतील उलट्या कमी झाल्या आणि सलाईन लावण्याची गरज सुमारे एकतृतीयांशाने घटली. अनुभवाने चुकीचे ठरेल ते सोडावे आणि हितकर ठरेल ते स्वीकारावे, हा विवेक येथे आकड्यांत उतरलेला दिसतो.

घरातील साखर आणि मीठ

पाकीट हाताशी नसेल तेव्हा घरी करावयाच्या द्रावणाचे सर्वत्र सांगितले जाणारे प्रमाण असे आहे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा धरला, तर साखर सुमारे २५ ग्रॅम आणि मीठ सुमारे ३ ग्रॅम भरते. पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि येथे साखर पंचवीस ग्रॅम, हा फरक का? साखरेचा रेणू मोठा आहे. त्याच्या एका मोलचे वजन ३४२ ग्रॅम. २५ ÷ ३४२ म्हणजे सुमारे ७३ मिलिमोल. आतड्यात साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात, त्यांतील एक ग्लुकोज. म्हणजे ग्लुकोज ७३ मिलिमोल मिळाले, पाकिटातील ७५ च्या अगदी जवळ. पाकिटावरचा आकडा पाहून कोणी साखरही साडेतेरा ग्रॅमच घेतली असती, तर ग्लुकोज जवळजवळ निम्मे पडले असते. या घरगुती द्रावणात पोटॅशियम आणि सायट्रेट नसते, म्हणून पाकीट मिळताच ते सुरू करावे.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० सालापासून दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत जाऊन मातांना असे द्रावण शिकवले. तेथे चमचा आणि तराजूही नव्हता. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे माप ठरवण्यात आले. परंतु काम तेथे थांबले नाही. मातांनी केलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांतील क्षाराचे प्रमाण तपासले जात असे, आणि शिकवणाऱ्या स्त्रियांचे मानधन माता किती नीट शिकल्या यावर ठरत असे. निरक्षर मातेच्या चिमटीवर विश्वास टाकला गेला, तो अशी पडताळणी करूनच.

पाकिटावरील अक्षरे

जलसंजीवनीच्या नावाने गोड पेये विकण्याचा उद्योग आपल्याकडे अनेक वर्षे चालला. त्यांत साखर भरपूर आणि क्षार अपुरे असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. आदेश निघाला, तरी खरेदी करणाऱ्याने वाचणे सोडता कामा नये. पाकिटाच्या मागे चार पदार्थांची नावे आणि त्यांपुढे ग्रॅममध्ये आकडे असतात : २.६, १३.५, १.५ आणि २.९. हे एका लिटरचे आकडे झाले. २०० मिलिलिटरच्या पाकिटावर यांचा पाचवा हिस्सा असला पाहिजे : ०.५२, २.७, ०.३ आणि ०.५८. हे जुळले, तर पाकीट खरे.

पाण्याचा हक्क, पाण्याचे ज्ञान

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा प्रश्न माणूस म्हणून समान असण्याचा होता. तो हक्क मिळवण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी मार खाल्ला, खटले लढवले. त्या पाण्यात काय आहे आणि काय असायला हवे, हे जाणण्याचा हक्क आजच्या पिढीला शाळेने दिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाला दोन गोष्टी नाकारल्या गेल्या : पाणी आणि विद्या. जलसंजीवनीच्या एका पेल्यात या दोन्ही एकत्र येतात. म्हणून विज्ञानातील हा पाठ केवळ विज्ञान शाखेच्या मुलांचा आहे, असे मानू नये. कारकून, शेतकरी, अंगणवाडी सेविका, वकील यांपैकी जो जो घरात एखाद्या आजारी बालकाच्या उशाशी बसणार आहे, त्या प्रत्येकाचा तो पाठ आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरात एक लिटर मापाचे एक भांडे किंवा बाटली खूण करून ठेवावी. पेले आणि तांबे घरोघरी वेगळे असतात, त्यांवर विसंबू नये. एक लिटरची दोन पाकिटे नेहमी जवळ असावीत, आणि तयार केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. बालक सुस्तावले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर द्रावण पाजत पाजतच दवाखाना गाठावा. तेथे वेळ दवडू नये. आणि आपल्या नववी-दहावीतील मुलामुलीला एकदा ते पाकीट हातात देऊन विचारावे, की यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच का. उत्तर देता आले नाही, तर दोघांनी मिळून वर दिलेला गुणाकार करून पाहावा. त्यासाठी लागणारे सर्व ज्ञान त्याच्या पाठ्यपुस्तकात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!